कूलरमधलं मांजर

माझ्या आवाजाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. मी सोयगावच्या शिवारात वाढले. आमचं ज्वारीचं वावर इतकं लांब होतं, की या टोकावरून मारलेल्या हाकेला त्या टोकाला पोचेस्तोवर भूक लागायची. कणसं भरली की मला माळ्यावर उभं करायचे आणि पाखरं हाकलायला हातात गोफण द्यायचे. गोफणीत दगड घालायची वेळ मात्र फारशी आली नाही. मी नुसतं "होऽऽ" केलं की आमच्या वावरातली पाखरं उठायची, शेजारच्यांची उठायची, आणि वर घाटमाथ्यावर सिल्लोडकडची पाखरं सावरून बसायची, की आता आपला नंबर. एकदा डोंगरातून उतरलेला बिबट्या माझ्या एका आरोळीनं आल्या पावली परत गेला. त्या गोष्टीत खोटं फार थोडं आहे.

हा आवाज घेऊन मी लग्न होऊन बजाजनगरात आले आणि नवरा मिळाला प्रेस शॉपमधला. प्रेस शॉप म्हणजे कंपनीतला तो भाग, जिथं घराएवढाली यंत्रं पत्र्यावर दणादण आपटतात आणि पत्र्याचे गाडीचे भाग होतात. आमच्या ह्यांनी तिथं तीस वर्षं काढली. कानात घालायला बुचं मिळायची, ती हे खिशात घालायचे. कान बंद केले तर मशीनचा आवाज बिघडलेला कळत नाही म्हणे. रिटायर झाले त्या दिवशी हार घालून, घड्याळ घेऊन घरी आले. कान तिथंच राहिले.

तेव्हापासून आमच्या घरातलं बोलणं म्हणजे नुसतं कामाचं. "चहाऽऽ!" "गोळीऽऽ!" "गॅसवाला आलाऽऽ!" भिंतीचे पोपडे पडायचे. लोकांना वाटायचं, हिचा आवाज एवढा मोठा, हिला काय अडचण? पण अनुभवाचं सांगते, ओरडून गोष्ट सांगता येत नाही. थाप तर मुळीच मारता येत नाही. थापेला आवाज खाली आणावा लागतो, मध्येच थांबावं लागतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून ह्याला कितपत पचेल याचा अंदाज घ्यावा लागतो. "बिबट्याऽऽ आलाऽऽ होताऽऽ" असं बोंबललं की ती गोष्ट राहत नाही, पोलिसात दिलेली फिर्याद होते. हे मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं बरं, जेवण झाल्यावर बघू."

पोरगी लग्न होऊन नाशिकला गेली. घरात मला ऐकणारं कुणी उरलं नाही. माझ्यासारख्या बाईला ऐकणारं नसणं म्हणजे सुगरणीच्या घरात सगळ्यांना कायमचा उपास. मी ठरवलं, एक जोडी कान घरात आणायचे. माणसाचे मिळेनात, तर मांजराचे.

उस्मानपुऱ्यात एक बाई आहेत. दिवसा बँकेत नोकरी, बाकी वेळात रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली मांजरं उचलून आणायची, बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. होळी होऊन गेल्यावर मी त्यांच्या गच्चीवर गेले. अकरा मांजरं होती. दहा माझ्या पायात घोटाळली, एकीनं तर माझी पिशवी उघडून आत काय आहे याची झडती घेतली. अकरावी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यामागं बसलेली. राखाडी अंग, पांढरं पोट, आणि एका कानाचं टोक कापलेलं. ऑपरेशन झालेलं मांजर ओळखू यावं म्हणून तसं करतात, हे मला तिथंच कळलं.

"ती नका घेऊ काकू," मॅडम म्हणाल्या. "लई भित्री आहे. पिल्लू असताना वरातीत डीजेच्या ट्रकखाली सापडली होती. मोठा आवाज झाला की गायबच होते. दोन घरांतनं परत आलीय."

"का बरं?"

"दिसतच नाय म्हणाले. एक बाई तर म्हणाली, मॅडम, तुम्ही मांजर दिलंत का मांजराची अफवा दिलीत?"

मी खाली बसले. ती माझ्याकडं बघत नव्हती. पण तिचे दोन्ही कान, एक अख्खा आणि एक कापलेला, माझ्याकडं वळलेले होते. मी बोलले की ते हलायचे, मी थांबले की तेही थांबायचे आणि वाट बघायचे. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतं!

"हीच नेणार," मी म्हणाले.

"काकू, राग मानू नका, पण तुमचा आवाज जरा..."

"अहो, मी हळूच बोलतेय!"

शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं दोरीवरचे कपडे भराभरा काढून घेतले. तिला आभाळ गडगडल्यासारखं वाटलं असावं.

मॅडमनी शेवटी होय म्हटलं, पण अटी घालून. एक महिना. लपली तर तिला ओढून काढायचं नाही, ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली पाहिजे. महिन्यानं त्या पिंजरा घेऊन येणार. तोवर ती माणसांसमोर येऊन जेवली तर आमची, नाही तर परत. "आणि यावेळी परत आली तर घरात द्यायचं मी बंद करणार," मॅडम म्हणाल्या. "गंगापूर रोडला एका धान्याच्या गोडाऊनवाल्याला मांजर पाहिजे, उंदरांसाठी. तिथं सोडीन. माणसं नाय, त्रास नाय."

मी त्या कानांकडं बघितलं. उंदरांना काय गोष्टी सांगता येतात?

आता घरी आल्यावर जी चूक झाली, तिच्यात मीही सामील होते, म्हणून सगळं बिल ह्यांच्या नावावर फाडत नाही. कंपनीत नवं मशीन आलं की त्याला हार घालतात, हळदकुंकू लावतात आणि नारळ फोडतात. नारळ फुटल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. ह्यांनी आयुष्यभर अशाच प्रेसा शॉपमध्ये घेतल्या. मग घरात येणारा नवा जीव नारळाशिवाय कसा आत येणार? ताट मी तयार केलं. पिंजऱ्याला झेंडूचा हार घातला. कुंकू लावायला मी पिंजऱ्याचं दार बोटभर उघडलं, आणि त्याच घटकेला ह्यांनी उंबऱ्यावर नारळ हाणला.

ऐकू न येणारा माणूस प्रत्येक गोष्ट जरा जास्तच जोरात करतो. तो नारळ फुटला नाही, त्याचा स्फोट झाला. पाणी पंख्यापर्यंत उडालं. एक शकल आमच्या दारातून निघालं ते गल्लीतल्या रिक्षात जाऊन बसलं आणि रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं सोडू?" आमच्या घरात एक राखाडी रेघ उठली. ती टीव्हीवरून गेली, सासऱ्यांच्या फोटोवरून गेली, पडद्यावर चढली आणि तिथून सरळ कूलरमध्ये.

आमचा कूलर पत्र्याचा, कपाटाएवढा. तिन्ही बाजूंना जाळीत गवत भरायचं, त्यावर पाणी झिरपतं, पुढून पंखा गार वारा फेकतो आणि तळाला पाण्याची टाकी. दरसाल होळीनंतर हे जुनं गवत काढून नवं भरतात. त्या दिवशी नेमकी एक बाजू उघडी होती. मांजर कोरड्या टाकीत उतरलं, पाण्याच्या पंपामागं जाऊन बसलं, आणि तिथून एकवीस दिवस त्याचा मुक्काम हलला नाही.

पहिला आठवडा आम्ही दोघं स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे राहिलो. वाटीत खाणं ठेवायचं आणि घराबाहेर जायचं. मातीचं घमेलं बाथरूममध्ये ठेवलेलं, तेही ती आम्ही नसतानाच वापरायची. म्हणजे तिला मोकळं व्हायचं असलं की आम्ही दोघांनी सकाळ-संध्याकाळ बागेला चकरा मारायच्या. लोक म्हणायचे, म्हातारपणी किती प्रेम आलंय! परत यावं तर वाटी चाटूनपुसून लखलखीत. वाटी रिकामी होत होती एवढाच काय तो मांजर असल्याचा पुरावा.

गुढीपाडवा झाला आणि ऊन तापायला लागलं. आमच्याकडचं ऊन ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून पटणार नाही. गच्चीवर कुरडया घातल्या तर वाळत नव्हत्या, तळून निघत होत्या. टाकीतलं पाणी नळाला येताना उकळून येई, नुसती चहापत्ती टाकायची. गल्लीतले सगळे कूलर चालू झाले. आमचा एकटा बंद.

शेजारच्या भाभी दारात आल्या. आम्ही दोघी एकमेकींना भाभीच म्हणतो, त्यामुळं भांडणातही मान राहतो. त्यांनी घामानं निथळणाऱ्या माझ्याकडं बघितलं, मग कूलरकडं बघितलं.

"क्या भाभी, बिल्ली कूलर में और आप तंदूर में?"

"जरा हळू बोला भाभी, बिचकंल ती!"

हे मी ज्या आवाजात सांगितलं, त्यानं कूलरच्या आत धडधड झाली आणि पंपाची नळी निखळली.

"मैं हळू बोलूं?" भाभी हसून हसून खाली बसल्या. "अगे माँ! आपको देख के तो मेरा कूकर भी शरमाता!"

ह्यांचाही धीर सुटला. ओला पंचा डोक्यावर घेऊन हे म्हणाले, "मॅडमला फोन लाव. घेऊन जा म्हणावं. ह्यो पीस आपल्याला जमंना."

"कूलर लागणार नाय!" मी ह्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मांजर जाणार नाय! हिला जर गोडाऊनात धाडलं तर मीबी तिथं जाऊन बसंन, पोत्यावर!"

कूलरमध्ये पुन्हा धडधड. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी जिच्यासाठी भांडत होते, तिला मीच रोज दहा वेळा पंपामागं ढकलत होते. तिला नारळाची भीती एकदाच वाटली असेल, माझी चोवीस तास वाटत होती.

त्याच क्षणी मी ठरवलं, की या घरात आता ओरडणं बंद. सोयगावच्या बाईनं ठरवलं म्हणजे ठरवलं. मी कुजबुजायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले, त्यामुळं घसा दुखायला लागला. पण ह्यांना माझं कुजबुजणं मुळीच ऐकू जाईना. ह्यांना नुसते माझे ओठ हलताना दिसायचे आणि आवाज नाही. तीस-पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ह्यांची खात्रीच पटली की मी रागावले.

दोन दिवस हे माझ्या मागंमागं फिरले. न सांगता भाजी आणली, कपडे वाळत घातले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आले, दार लावून घेतलं आणि खालमानेनं म्हणाले, "बरं, खाल्ली मी जिलबी."

मी बघतच राहिले. डॉक्टरनं ह्यांची साखर बंद केलेली.

"दोनदाच खाल्ली," हे म्हणाले. मी अजून गप्प. "आठवड्यातनं दोनदा. गेल्या दिवाळीपासनं."

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. कूलर भिंतीपलीकडं होता. ह्या एका आरोळीसाठी मी राज्य दिलं असतं. ती मी गिळली, आणि ती कुठं गेली माहीत नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

असे मांजर आल्यापासून बारा दिवस गेले. मी ओरडत नसल्यानं आमचं घर बंद पडायला आलं होतं. पाटीवर लिहून दाखवावं, तर ह्यांना चष्मा सापडेपर्यंत पाटीवरचा चहा थंड व्हायचा.

एका दुपारी मी हॉलच्या या कोपऱ्यात लसूण सोलत होते आणि हे समोरच्या कोपऱ्यात पेपर वाचत होते. ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडं बघितलं, बोटं बशी धरल्यासारखी ओठांशी नेली आणि भुवई उडवली. मी उठून चहा टाकला. चहा उकळायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की एक शब्दही न बोलता ह्यांनी चहा मागितला आणि मला समजला.

संध्याकाळी मांजराच्या सोयीसाठी आम्ही बागेकडं निघालो तेव्हा मी विचारलं. रस्त्यावर होते, म्हणून माझ्या खऱ्या आवाजात विचारलं.

"ते दुपारचं काय होतं?"

"चहा."

"ते कळलं. कुठं शिकलात?"

"शॉपमधी," हे म्हणाले. "तिथं कुणाला काय ऐकू येतंय? समदं हातानं. आख्खी पाळी हातानंच बोलायची."

मग हे दाखवायला लागले. दोन्ही हात कोपरापासून फुलीसारखे धरले की मशीन बंद कर. बोट हवेत गोल फिरवलं की चालू. गळ्याशी टाय आवळली की साहेब येतोय. नाक चिमटीत धरून पोट चोळलं की आज डब्यात परत तेच. माझ्या डब्याबद्दल असं हातानं बोललं जात होतं हे मला रिटायरमेंटनंतर कळलं, नाही तर ह्यांनी नाक कायमचंच धरलं असतं. मग ह्यांनी मूठ डोक्याभोवती गरागरा फिरवली आणि पुढं झटकली.

"हे काय?"

"हे तू."

"मी?"

"समद्यांच्या बायकांना खूण होती. कुणाची लाटणं, कुणाची फोन. तुझी गोफण."

"गोफण त्यांना कशी कळली?"

हे जरा ओशाळले. "म्या सांगायचो ना बिबट्या. नवीन गडी लागला की समदे मागं लागायचे, बिबट्या सांगा, बिबट्या सांगा."

मी रस्त्यातच थांबले. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवून दमला. तीस वर्षं माझी गोष्ट पत्र्याच्या दणदणाटात हातानं सांगितली जात होती, शेकडो माणसं ती बघत होती, माझी खूण सगळ्या शॉपला माहीत होती, एका मलाच नव्हती. कान शाबूत होते तेव्हा ह्यांनी माझं सगळं ऐकून ठेवलं होतं.

"केवढा होता हो तुमचा बिबट्या?" मी विचारलं.

ह्यांनी दोन्ही हात फाकले. पुरेनात, म्हणून त्या टेम्पोकडं बोट केलं.

मला माझी लाज वाटली. मी स्वतः त्याला कधी म्हशीच्या आकारापुढं नेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला बसले. आठ दिवसांत शिकले. लोक आठ वर्षांत शिकले असते, पण त्यांच्याकडं सांगण्यासारखं एवढं साठलेलं नसतं. ज्या खुणा शॉपमध्ये नव्हत्या, त्या आम्ही बनवल्या. भाभींची खूण म्हणजे कूकरची शिट्टी, वर ओढलेलं एक बोट. मांजराची खूण म्हणजे एक कान मुडपायचा. घर शांत झालं, आणि त्या शांततेत आम्ही दोघं हॉलच्या दोन कोपऱ्यांत बसून दुपारभर बडबडत होतो. मी पोरीच्या सासूबद्दल सांगितलं, भाजीवालीच्या वजनकाट्याबद्दल सांगितलं, जिलबीवरून जे बोलायचं राहिलं होतं ते दहा बोटांनी सविस्तर बोलून घेतलं. त्या भांडणात माझं एक बोट लचकलं.

त्या भांडणातच मला ती दिसली. कूलरच्या उघड्या बाजूच्या कडेवर दोन कान आले होते, एक अख्खा, एक कापलेला. मग दोन डोळे आले. ते डोळे माझ्या बोटांबरोबर इकडून तिकडं फिरत होते. ज्या हातांत पाखरं हाकलायची गोफण असायची, तेच हात आता पाखरांसारखे फडफडत होते, आणि मांजराला पाखरू दिसलं की काय होतं ते मी सांगायला नको. मी थांबले की कान खाली जायचे. मी हात हलवायला लागले की वर. म्हणजे तिला बाहेर काढायला मला नुसतं बोलत राहायचं होतं! एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी तिनं कूलरच्या बाहेर एक पाय ठेवला. चोविसाव्या दिवशी चारही. कूलरला पाठ लावून बसायची आणि आमचे हात बघायची. पण वाटीला आमच्यासमोर तोंड लावायला तयार नाही. सव्वीस झाले, सत्तावीस झाले. सुकट आणली, उकडली, भातात कालवली. ती वास घ्यायची, आमच्याकडं बघायची आणि पंपामागं जायची. एकोणतिसाव्या दिवशी हे हातांनी म्हणाले, आता हाताबाहेर गेलं. मी हातांनीच म्हणाले, अजून एक दिवस आहे, आणि मशीन बंद व्हायच्या आधी कोण घरी जातं?

तिसाव्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. हातात पिंजरा. मी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना आत घेतलं. मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही चुकीच्या घरात आल्या.

"काकू, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होकाराची मान हलवली. त्यांना खुर्ची दिली. पिंजरा त्यांच्या पायाशी, त्याचं दार उघडं. घरात उकाडा असा, की मॅडमच्या कपाळावरची टिकली घसरत नाकापर्यंत आली. बंद कूलरकडं बघून त्या काहीतरी विचारणार होत्या, पण मी परत बोट दाखवलं. सुकटीचा भात वाटीत घालून हॉलच्या मधोमध ठेवला. मी जमिनीवर बसले. ह्यांना खूण केली. कोणती, ते ह्यांना बरोबर कळलं. मूठ डोक्याभोवती फिरवून झटकली.

ह्यांनी बिबट्या सुरू केला.

मी ती गोष्ट पहिल्यांदा बघत होते. ह्यांच्या हातात ज्वारीचं वावर उभं राहिलं, वाऱ्यानं हललं. माळा झाला, माळ्यावर एक पोरगी झाली. दोन तळवे जमिनीजवळून दबकत दबकत यायला लागले. कूलरच्या कडेवर कान आले. तळवे थांबले, कान थांबले. तळवे निघाले, आणि पंपामागचं मांजर पाय न वाजवता खाली उतरलं. बिबट्या वावरात शिरला तशी ती वाटीपाशी आली. एक नजर हातांवर ठेवून तिनं मान खाली घातली आणि एक घास घेतला. मग दुसरा. मॅडमनी श्वास धरला होता. मी तर मघाचपासून घेतलाच नव्हता.

तिसऱ्या घासाला भाभींच्या कूकरनं शिट्टी दिली.

ती शिट्टी मी रोज ऐकते, पण त्या दिवशी ती मुंबई-हैदराबादला ऐकू गेली असणार. मांजर चार फूट वर उडालं. मी डोळे मिटले. कूलर तिच्या मागं होता, दोन हातांवर, एक बाजू उघडी. पंपामागची जागा महिनाभर तिची होती. आता ती गेली, आता पिंजरा, आता गंगापूर रोड.

माझ्या पोटरीत दहा खिळे घुसले.

मी डोळे उघडले. ती माझ्या लुगड्याच्या आत होती. घोट्यामागं अंग चोरून बसली होती आणि जिवाच्या भीतीनं सगळी नखं माझ्या पायात रोवली होती. ज्या आवाजानं सिल्लोडची पाखरं उठली, तो आवाज पोटातून निघून घशापर्यंत आला. मी दात आवळले. डोळ्यांतून पाणी आलं, पायावरून रक्त आलं, पण तोंडातून 'स' सुद्धा आला नाही. भाभींनी आणखी दोन शिट्ट्या घेतल्या, त्यांची डाळ जरा कच्चीच राहते. नखं आणखी दोनदा आत गेली. मी हालले नाही. मला कुणी त्या वेळी पायापासून कापून नेलं असतं तरी पाय तिथंच ठेवून गेले असते.

मॅडम खुर्चीवरून उतरून खाली बसल्या. लुगड्याच्या काठाखालून शेपटीचं टोक दिसत होतं. त्यांनी ते बघितलं, मग कूलरची उघडी बाजू बघितली, आणि पुन्हा ते बघितलं.

"परत लपली की," ह्यांनी काळजीनं म्हटलं. ह्यांना वाटलं आपण हरलो.

मॅडमनी नकाराची मान हलवली. ह्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी त्या माझ्याकडं बघून अगदी हळू बोलल्या. "दोन्ही घरांत ही माणसांपासून लपत होती, काकू. माणसामागं पहिल्यांदा लपली."

त्यांनी पिंजऱ्याचं दार लावलं. मोकळा पिंजरा उचलला, आणि जाताना ह्यांच्याकडं वळून मूठ डोक्याभोवती फिरवली. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण फिरवली बरोबर.

त्या गेल्यावर हे बादली भरून घेऊन आले. कूलरची टाकी आता रिकामी होती. नवं गवत महिनाभर दारामागं पडून होतं, ते ह्यांनी जाळीत भरलं, पाणी ओतलं, पंप जोडला आणि घामेजल्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघून बोट हवेत गोल फिरवलं. चालू करू?

मी अजून जमिनीवरच होते. नखं निघाली होती, पण मांजर तिथंच होतं, माझ्या घोट्याला टेकून. आणि आमचा कूलर चालू झाला की विमान उतरल्यासारखा आवाज होतो, हे गल्लीला माहीत आहे.

मी दोन्ही हातांची फुली केली.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, कूलरकडं बघितलं, पंचा पाण्यात बुडवून डोक्यावर ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. तो अख्खा उन्हाळा आम्ही खिडकीला ओली चादर बांधून काढला. भाभी येऊन रोज विचारायच्या, तंदूर गरम है क्या.

त्या दुपारी मात्र मला दुसरंच काम होतं. मी तिच्या कापलेल्या कानाकडं वाकले आणि ओठांतल्या ओठांत बिबट्या सुरू केला. एका हातानं ह्यांनाही दाखवत होते, कारण ही गोष्ट आता त्यांचीही होती. मी वावर सांगितलं, माळा सांगितला. बिबट्या आला तेव्हा मी तो टेम्पोएवढा सांगितला, जास्त ताणलं नाही. कान माझ्याकडं वळला आणि वाट बघत राहिला.

मध्येच शेजारून ह्यांचे दोन्ही हात वर आले आणि हवेत रुंद झाले. त्याहून मोठा होता.